आप्पांच्या नोंदीत न आलेल्या ६८० कॅलरी

डिसेंबरअखेर मी सहा आठवड्यांसाठी सोलापूरला घरी राहायला आले, तेव्हा आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोबाइलमध्ये ६१ दिवसांच्या जेवणाची नोंद होती. एकही दिवस सुटलेला नाही. उभा जन्म बँकेत काढलेला माणूस. बेरीज जुळल्याशिवाय जागचा उठायचा नाही. सकाळचा चहा, पोहे, दुपारच्या दोन भाकऱ्या, रात्रीचा वाटीभर भात, सगळं ॲपमध्ये भरलेलं. रोजची बेरीज १,५५० ते १,६०० कॅलरी. आणि वजन दोन महिन्यांपूर्वी ८२.४ किलो होतं, ते आता ८२.

आप्पा ६१ वर्षांचे आहेत, उंची १७० सेंटिमीटर. ऑक्टोबरमधल्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आला. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पट्टी. सोनोग्राफीत यकृतावर थोडी चरबी दिसली. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. १,६०० कॅलरींच्या आत राहा, रोज लिहा आणि चार-पाच किलो उतरवा, असं सांगितलं. दोन महिन्यांनी वजन तिथंच बघून त्यांनी आप्पांना विचारलं, ‘‘मधेमधे काही खाता का, जे लिहीत नाही?’’

डॉक्टरांनी रोजच्या सवयीनं विचारलं असेल. आप्पांना ते फार लागलं. घरी येऊन ते दोन दिवस नीट बोलले नाहीत, एवढं आईनं मला फोनवर सांगितलं होतं. आप्पा खोटं लिहीत नाहीत याची मला खात्री होती. मग कॅलरी जात होत्या कुठं? सुट्टीतलं माझं काम तेवढंच होतं.

आधी एक सोपा हिशोब केला. वजन, उंची आणि वय घालून शरीराचा बसल्या जागेचा खर्च काढायचं मिफ्लिन-सेंट जिओर हे सूत्र आहे, १९९० सालचं. त्यानं आप्पांचा आकडा आला १,५८० च्या आसपास. सकाळची देवळापर्यंतची फेरी, बाजार, जिना हे धरून त्याला १.३५ नं गुणलं की २,१०० च्या वर. सूत्र सरासरी माणसाचं असतं, शंभर-दोनशे इकडेतिकडे होणारच. पण दोन महिने वजन हललं नाही, याचा अर्थ जेवढा खर्च तेवढंच पोटात जातंय. म्हणजे रोज पाचशे-सहाशे कॅलरी नोंदीच्या बाहेर होत्या. एखाद्या बिस्किटाची ही चूक नव्हे. एवढं तर एक पूर्ण जेवण असतं.

नोंदी बघायला बसले आणि पहिली अडचण लगेच दिसली. ॲपमध्ये लिहिलेलं होतं ‘वांग्याची भाजी, एक वाटी, ११०’. कुणाची वाटी? आमच्या घरात तीन मापांच्या वाट्या आहेत. पाणी भरून मोजल्या तर १२०, १६० आणि २१० मिलिलिटर भरल्या. आणि भाजी कुणाची? वाफेवर शिजवून चमचाभर तेल सोडलेलं वांगं आणि आमच्याकडचं शेंगाचं कूट, खोबरं, तीळ घातलेलं वांगं या दोन भाज्या एकाच नावाच्या आहेत, एवढंच त्यांचं नातं. ॲपमधला आकडा कुणाच्या तरी पातेल्यातला असेल. आमच्या पातेल्यातला नव्हता.

बाहेरच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो. घरच्या अन्नावर तो छापायचा तर स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या हाताशी जावं लागतं. आणि तिथं आई होती.

अंदाज

पहिल्या दिवशी मी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घेऊन ओट्याशी उभी राहिले. फोडणीला तेल किती, तर आधी वाटीत ओत, मी मोजते, मग कढईत घाल. आईनं तीन वेळा ऐकलं. चौथ्या वेळेला म्हणाली, ‘‘अगं, हा स्वयंपाक आहे का सोनाराचं दुकान? हाताला कळतंय की.’’

हाताला कळतंय हे खरंच होतं. पण मी बघत असल्यामुळं त्या दिवशी तिचा हात आखडला. नेहमीची पळी तेल तिनं घातलंच नाही, कूटही मूठभर कमी पडलं. दुपारी आप्पांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, ‘‘आज भाजीला काय झालंय?’’ मोजायला गेले आणि जे मोजायचं तेच बदलून बसले. ती सगळी वजनं मी फाडून टाकली.

रात्री झोप लागेना तेव्हा सुचलं की आईच्या हाताला अडवायचं कारणच नाही. तेलाची किटली सकाळी काट्यावर ठेवायची, स्वयंपाक झाल्यावर पुन्हा ठेवायची. मधला फरक म्हणजे वापरलेलं तेल. पिठाचा डबा, कुटाचा डबा, साखरेचा डबा, खोबऱ्याची बरणी, सगळ्यांना तोच नियम. आईला सांगितलं, ‘‘मी फक्त डबे उचलून ठेवणार. तुला काही विचारणार नाही, मधे उभी राहणार नाही.’’ ती म्हणाली, ‘‘मग काय करायचं ते कर.’’

दुसरी तयारी भांड्यांची. घरातली रोजची सगळी पातेली, कढया आणि कुकरचे डबे रिकामे असताना मोजून वजनं एका कागदावर लिहिली आणि कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. मोठं स्टीलचं पातेलं ६४० ग्रॅम, लोखंडी कढई १,३१० ग्रॅम, असं. भाजी झाली की पातेल्यासकट काट्यावर ठेवायची, ६४० वजा करायचे, शिजलेल्या भाजीचं वजन हाती येतं. डब्यांतून कमी झालेल्या जिनसांच्या कॅलरींची बेरीज केली, तिला या वजनानं भागलं, की त्या दिवशीच्या त्या भाजीचा एका ग्रॅमचा आकडा निघतो. मग आप्पांच्या वाटीत किती ग्रॅम पडलं एवढंच बघायचं.

शिजवताना पाणी आटतं, वाढतं, पण पाण्याला कॅलरी नसते. कच्च्या जिनसा जेवढं घेऊन आल्या तेवढंच पातेल्यात राहतं. हे एकदा डोक्यात बसलं की शिजलेल्या पदार्थांच्या याद्या शोधत बसावं लागत नाही.

कच्च्या जिनसांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या भारतीय अन्नघटक सारणीतून घेतले. देशभरातून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचं पृथक्करण तिच्यात आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरासाठी याहून भरवशाचा आधार मला माहीत नाही. शंभर ग्रॅमला ज्वारी सुमारे ३३५, गव्हाचं पीठ ३२०, तांदूळ ३५५, तूरडाळ ३३०, शेंगदाणे ५२०, तेल ९००. तेलाच्या मागोमाग शेंगदाणे, तीळ आणि सुकं खोबरं येतं, हे मुद्दाम लक्षात ठेवावं. आमच्या भागातल्या भाजीचा सगळा जीव याच चार जिनसांत आहे.

या सारणीनं पहिल्याच दिवशी एक घोटाळा केला. कोष्टक माझ्या वहिनीनं बनवलं होतं आणि तिच्या कोष्टकात एका भाकरीला ९०० कॅलरी आल्या. आई घाबरलीच. सारणीत ऊर्जा किलोज्यूलमध्ये छापलेली आहे. ज्वारीपुढं १,३९८ असा आकडा आहे, तो वहिनीनं कॅलरी समजून घेतला होता. ४.१८४ नं भागलं की ३३४ येतात. ती सारणी कुणी पहिल्यांदा उघडणार असेल तर हा रकाना आधी बघावा.

याच संस्थेच्या जुन्या पुस्तकात गव्हाच्या पिठाला ३४१ कॅलरी दिल्या होत्या, नव्या सारणीत ३२० आहेत. पीठ तेच, मोजायची रीत सुधारली. त्यामुळं पाच-दहा कॅलरींसाठी जीव काढायचा नाही, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात ठरवलं. बहुतेक आकडे पाचाच्या पटीत गोळा करून लिहिले.

वांग्याचं पातेलं

एक पातेलं सबंध मांडते, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे.

चार माणसांची एका वेळची भाजी. वांगी अर्धा किलो, त्यांच्या १२५ कॅलरी. कांदा १०० ग्रॅम, ५०. कुटाचा डबा ८० ग्रॅमनं हलका झाला होता, म्हणजे ४१५. सुकं खोबरं २० ग्रॅम, १२५. तीळ १० ग्रॅम, ५०. गूळ सुपारीएवढा, ३५. काळं तिखट आणि बाकीचा मसाला मिळून ४५. आणि तेलाची किटली ४५ ग्रॅमनं हलकी, म्हणजे ४०५. बेरीज १,२५०. शिजलेली भाजी पातेलं वजा जाता १,०४० ग्रॅम. ग्रॅमला १.२ कॅलरी.

आप्पांच्या वाटीत १९० ग्रॅम भाजी होती, म्हणजे २३० कॅलरी. ॲप म्हणत होतं ११०.

यातल्या वांग्यांचा वाटा दहा टक्के आहे. कूट, तेल, खोबरं आणि तीळ मिळून जवळजवळ हजार, म्हणजे ऐंशी टक्के. आपण त्याला वांग्याची भाजी म्हणतो, पण कॅलरीच्या दृष्टीनं ती कुटाची भाजी आहे आणि वांगं त्यात चवीला आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग नुसतं वांगं कोण खाणार?’’ तिचं बरोबरच होतं. कमी कसं करायचं हा प्रश्न पुढचा. आधी ते आहे हे कळायला हवं होतं.

या पातेल्यानंच रीतीतलं एक भोकही दाखवलं. एका ग्रॅमला १.२ हा आकडा पातेलं सगळीकडं सारखं असेल तरच खरा. रस्साभाजीत तसं नसतं. तेल वर येतं, तर्री जमते, आणि आप्पांना तर्री आवडते. वाढताना आई डाव न ढवळता वरच्यावर फिरवते आणि पहिली वाटी आप्पांची भरते. शेवटी भांड्याच्या तळाशी उरतं ते घट्ट, कमी तेलाचं. त्यामुळं पहिल्या आठवड्यातले आप्पांच्या रस्सा भाज्यांचे आकडे मी कमीत कमी आहेत असं धरते. खरे त्याहून जास्त असणार. दुसऱ्या आठवड्यापासून आईनं वाढायच्या आधी तळापासून ढवळायला सुरुवात केली. सहा आठवड्यांत तिनं कुरकुर न करता मान्य केलेली ही पहिली गोष्ट.

उलट बाजूचीही चूक सापडली, आणि ती सांगायलाच हवी. आमटीला ॲप वाटीमागं १२० धरत होतं. आईची आमटी पातळ असते: १०० ग्रॅम तूरडाळीची आमटी ९०० ग्रॅम होते, फोडणीचं तेल, गूळ, चिंच धरून ५२० कॅलरी. आप्पांच्या १५० ग्रॅमच्या वाटीत ८५ सुद्धा जेमतेम. म्हणजे ॲप नेहमी कमीच सांगतं असं नाही. ते दुसऱ्याच्या घरचं सांगतं.

भाकरी

भाकरीवर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. ॲपमध्ये एका भाकरीला १५० होते. आमच्याकडं मंगळवेढ्याची ज्वारी असते, गिरणीतून पंधरा दिवसांचं पीठ एकदम येतं. आई परातीत पीठ घेते, गरम पाणी घालून मळते, थापताना खाली पीठ भुरभुरवते, आणि उरलेलं कोरडं पीठ पुन्हा डब्यात टाकते. गोळा मोजून काही उपयोग नाही, पाणी किती ते कळत नाही. डबा मोजला की लावायच्या पिठासकट सगळं आलं. आठ भाकऱ्यांना ५२५ ग्रॅम. एकीला ६५ ग्रॅम पीठ, २१८ कॅलरी. दुपारच्या दोन भाकऱ्यांत ४३५, आणि नोंद ३००.

आप्पांनी त्यांच्या परीनं हे तपासून पाहिलं होतं, हे मला नंतर कळलं. कडक भाकरी ते भाजीच्या वजनाच्या जुन्या काट्यावर ठेवून बघायचे. सोलापूरकडं कडक भाकरी किती खातात हे वेगळं सांगायला नको. मंद आचेवर पार वाळवलेली, पापडासारखी मोडणारी, आठ-आठ दिवस टिकणारी. ती काट्यावर ७० ग्रॅम भरायची. मऊ भाकरी १०५ ग्रॅम भरते. ॲपमध्ये ‘भाकरी, ७० ग्रॅम’ असं टाकलं की ॲप ती मऊ भाकरीचा दोन तृतीयांश तुकडा समजतं आणि तेवढ्याच कॅलरी धरतं. पण दोघींत पीठ तेवढंच होतं. गेलं ते नुसतं पाणी. माझ्या वडिलांनी प्रामाणिकपणे वजन करून प्रामाणिकपणे लिहिलं आणि तरी आकडा चुकला, हे बघून मला गलबलून आलं.

पोळीला वेगळा हिशोब: बारा पोळ्यांना ३६५ ग्रॅम पीठ आणि घडीला व वरून मिळून ३२ ग्रॅम तेल. एकीला १२०, नोंद ८५. पोळी लहान असते म्हणून फरक लहान वाटतो.

आणि चटणी. शेंगाची चटणी आप्पांच्या ६१ दिवसांच्या नोंदीत एकदाही नव्हती. लपवली नव्हती, चटणी, लोणचं, मीठ, लिंबू ही ताटाची डावी बाजू, ती जेवणात मोजायची असते हे त्यांच्या मनातच आलं नाही. आमच्याकडं चटणी खलबत्त्यात कुटून तेल सुटेपर्यंत करतात. आप्पा एका जेवणाला दोन चमचे घेतात आणि वर कच्चं तेल सोडतात. मोजलं तेव्हा चटणी २५ ग्रॅम भरली, तेल छोटा चमचाभर. १६५ कॅलरी, रोज, दोन महिने.

बेरीज

एका साध्या दिवसाचे दोन्ही हिशोब शेजारी ठेवले. ॲपमध्ये १,५७०. डब्यांवरून २,२५०. फरक ६८०. त्यातले चटणीचे १६५, दोन भाकऱ्यांचे १३५, वांग्याचे १२०, म्हशीचं दूध आणि साखर धरून तीन कप चहाचे १०५, पोह्यातल्या तेल-दाण्यांचे ९५, पोळ्यांचे ७०, रात्रीच्या भाजीचे ४०; आणि दीड वाटी आमटीनं ५० परत दिले. बारा दिवसांची सरासरी २,१९० आली. सूत्रानं सांगितलेल्या २,१०० शी ती बऱ्यापैकी जुळत होती.

तरी मला एक पडताळा हवा होता, कारण बारा दिवस मी स्वतः घरात असताना मोजलेले. तो पडताळा आईच्या पत्र्याच्या डब्यातच होता: वर्षभराच्या किराण्याच्या याद्या. आमच्या घरात चार माणसं, आई, आप्पा, दादा आणि वहिनी. महिन्याला पाच लिटरचा एक तेलाचा डबा. लिटरला ९१० ग्रॅम धरलं तर माणशी दिवसाला ३८ ग्रॅम तेल, म्हणजे ३४० कॅलरी. पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींचं जे दिवसाचं ताट मांडलंय, त्यात तेल-तुपाला २७ ग्रॅम आहेत. शेंगदाणे महिन्याला चार किलो, माणशी ३३ ग्रॅम. त्याच ताटात दाणे-बियांना ३५ ग्रॅम आहेत, म्हणजे घर म्हणून आम्ही ठीक होतो. पण चारांतले एकटे आप्पा पोहे, भाजी आणि चटणी मिळून पन्नासाच्या वर दाणे खात होते. किराण्याची यादी घराचं सांगते, एका माणसाचं सांगत नाही. दोन्ही लागतात. मात्र ज्याला रोज काटा धरणं शक्य नाही त्यानं निदान तेलाचा डबा कधी उघडला आणि कधी संपला एवढं लिहावं, असं मी कळकळीनं म्हणेन. त्या एका तारखेला कसलंही ॲप लागत नाही.

काही दिवस आम्ही मुद्दाम कोरे ठेवले. भोगीला बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि वर लोण्याचा गोळा. दुसऱ्या दिवशी संक्रांत, सिद्धेश्वराची यात्रा, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानात, नातवंडांना घेऊन आप्पा फिरले, काय काय खाल्लं देव जाणे. एका रविवारी मामांच्या शेतावर हुरडा. आगटीतून काढलेली कणसं गरम गरम हातावर चोळून देतात, माणूस ओंजळीनं खातो आणि सोबत गप्पा चालतात. तिथं काटा न्यायचा नाही हे मीच ठरवलं. त्या दिवसापुढं ‘हुरडा’ एवढंच लिहिलं. अंदाजाचा आकडा लिहून रकाना भरला असता तर बाकीच्या खऱ्या आकड्यांची किंमत कमी झाली असती.

तळण होतं त्या दिवशी किटलीचा हिशोब फसतो, कारण कढईत उरलेलं तेल नंतर वापरलं जातं. त्या दिवशी कढई तेलासकट आधी आणि नंतर मोजायची, भजी किंवा पुऱ्यांनी किती प्यायलं ते कळतं.

आईचा रकाना

ही गोष्ट मी शोधत नव्हते. पातेल्याचा हिशोब करताना चार वाट्यांची वजनं लिहावी लागायची, तेव्हा आईची वाटीही आली. ती शेवटी बसते. भाजी तिच्या वाटणीला ९०-१०० ग्रॅम उरलेली असायची. कधी तीही नसायची, मग सकाळची भाकरी आमटीत कुस्करून. दूध तिच्या चहापुरतं. दही आप्पांना आणि दादाला लागतं म्हणून तिला नको असायचं. बारा दिवसांची तिची सरासरी १,३२० आली, आणि त्यातली बरीचशी भाकरी आणि चहाच. डाळ, दूध, भाज्या या सगळ्यात ती चौघांत शेवटी.

आम्ही महिनाभर आप्पांच्या जास्तीच्या कॅलरी शोधत होतो आणि त्याच पातेल्याच्या तळाशी आईच्या कमी पडणाऱ्या दिसत होत्या. वहिनी त्या संध्याकाळी एकच वाक्य बोलली, ‘‘आई, उद्यापासून तुमची वाटी आप्पांच्या बरोबर भरायची.’’ आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वतः वाढायला घेतलं. मला वाटतं, या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोलाचं काम तिनं केलं.

पुढं काय बदललं

मी वजाबाकीचा कागद घेऊन आप्पांबरोबर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तो सावकाश वाचला. कडक भाकरीच्या ओळीवर थांबले, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे काका, तुम्ही बरोबरच लिहीत होता.’’ आप्पा काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर त्यांनी तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवला.

मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यानं जेवण एकदम कमी करणं धोक्याचं असतं, साखर खाली जाऊ शकते. आप्पांना औषध नव्हतं, आणि डॉक्टरांना विचारूनच रोज चारशेच्या आसपास कमी करायचं ठरलं. काय सोडायचं हे मात्र आप्पांनी आणि आईनं बसून ठरवलं. तर्री सोडायला आप्पा तयार होईनात. चटणीवरचं कच्चं तेल सोडायला तयार झाले, त्याऐवजी दही. चटणी दोन चमच्यांवरून एक, तोही १० ग्रॅमचा. त्यासाठी आईनं एक जुना लाकडी चमचा डब्यात कायमचा ठेवला. भाकरी लहान करायला आईनं साफ नकार दिला: ‘‘एका तव्यावर दोन मापाच्या भाकऱ्या मी करणार नाही.’’ म्हणून आप्पा दीड खातात, अर्धी वहिनीची. भाजीला कूट निम्मं, रस्सा दाट ठेवायला थोडी शिजलेली डाळ घोटून. पहिले चार दिवस चव वेगळी लागली, पाचव्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही. फोडणी तेवढीच, पण भाज्या परतताना दुसऱ्यांदा तेल सोडायची सवय गेली. चहा दोन कप, साखर निम्मी.

ॲप आता आप्पा वापरतात ते वेगळ्या रीतीनं. घरचे दहा-बारा नेहमीचे पदार्थ आईच्या हाताच्या आकड्यांनी त्यात भरून ठेवलेत: ‘आमची वांगी, ग्रॅमला ०.९’, ‘आमची आमटी, ग्रॅमला ०.६’. हे पदार्थ एकदा नीट मोजले की रोज मोजायला लागत नाहीत. आईचा हात पक्का आहे, सहा आठवड्यांत त्याच भाजीचं तेल पाच-सात ग्रॅमच्या वर कधी हललं नाही. तिचा अंदाज कच्चा कधीच नव्हता. तो कुणी लिहून घेतला नव्हता, एवढंच. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र वहिनी डबे पुन्हा मोजते, कारण मापं हळूहळू सरकतात आणि ते कळत नाही.

एप्रिलअखेर आप्पांचं वजन ७८.६ भरलं. आईचा रकाना १,६०० च्या जवळ आलाय आणि तिच्या वाटीत आता दही असतं.

परवा फोन केला तेव्हा आई म्हणाली, ‘‘तेलाचा डबा बघ, तीन तारखेला उघडलेला. आज बारा तारीख, पुढच्या महिन्याची. अजून तळाला बोटभर आहे.’’ तारीख तिनं डब्यावर स्वतः लिहिली होती, काजळाच्या पेन्सिलीनं, कारण मार्कर सापडला नाही.